इफराच्या खुर्चीचं लोकार्पण

इफरामुळे आपल्याला काय काय मिळणार, याचा अंदाज मुख्याध्यापक सुदर्शन सरांनी चहा निवायच्या आत बांधला. पिंपरी पेंढारच्या शाळेच्या फाटकावर 'सर्वसमावेशक शाळा' अशी पाटी, तालुक्यात सत्कार, वर्तमानपत्रात फोटो. पदरचं जायचं काहीच नव्हतं. सर मनाने वाईट नव्हते. निदान स्वतः त्यांची तशी पक्की खात्री होती.

तिसरीतल्या इफराची आई जास्मिन समोर उभी होती.

"सर, पोरीचे स्नायू जन्मापासून सैल हायेत. डोकं लई चालतं, पर पाठ धरत न्हाई. सतरंजीवर बसली की दोन ओळीत आडवी व्हती. डॉक्टर म्हणले, हातवाली खुर्ची द्या, पायाखाली फळी द्या, मग लिहील ती. सोमवारच्या परीक्षेआधी जमंल का?"

"एवढंच?" सरांचा हिरमोडच झाला. एवढ्याशा गोष्टीचा कार्यक्रम करायचा कसा?

पण सर कार्यक्षम होते. बागायतदार कुंडलिक भाऊंनी वडिलांच्या स्मरणार्थ खुर्ची द्यायचं कबूल केलं. अट एकच.

"पाठीवर 'कै. सोमाजी यांच्या स्मरणार्थ' टाका. एका वळीत बसलं पायजे राव, आन् लांबून दिसलं पायजे."

अक्षरं मोठी, म्हणून पाठ रुंद. पाठ रुंद, म्हणून बैठक रुंद. ओतूरहून सागवानी खुर्ची आली तेव्हा तिच्यात इफरासारख्या तिघी मावल्या असत्या. मापं सोमाजींच्या नावाची होती, त्याला कोण काय करणार?

इफरा ऑफिसच्या दाराला टेकून उभी राहिली. "बसू, सर?"

"लोकार्पणाआधी कसं बसायचं बाळा? वापरलेली वस्तू पाहुण्यांच्या हस्ते द्यायची, बरं दिसतं का ते?"

पाहुण्यांना गुरुवार सोयीचा होता. परीक्षा मात्र पाहुण्यांना न विचारता सोमवारी ठेवलेली. हा व्यवस्थेचा दोष. इफरा सतरंजीवर लिहू लागली आणि तिसऱ्या प्रश्नाला पेपरवरच आडवी झाली. सरांनी शेरा दिला, 'प्रयत्न कमी पडतात.' तेव्हा ते खुर्चीची मजबुती तपासत होते. दुसरं कोणी पुढे येईना, म्हणून ही जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली होती. कमरेला फार आराम पडायचा.

गुरुवारी पाहुणे आले, देहाने भरदार. मांडववाल्याची प्लॅस्टिकची खुर्ची त्यांच्याखाली कुरकुरली. सरांनी प्रसंगावधान राखून त्यांना सागवानीत बसवलं. इफराच्या हातात गुच्छ देऊन तिला शेजारी उभं केलं.

"एकही लेकरू मागं राहता कामा नये!" पाहुणे पाऊण तास सांगत होते. इफराचे गुडघे लवायला लागले. खिचडी शिजवणाऱ्या कोंडाबाईने धावत येऊन तिला मागून काखेत धरलं.

"सर, पोर गळाली की वो! बसवा तिला."

"फोटो झाला की लगेच. आणि कोंडाबाई, तुम्ही जरा खाली वाका, फोटोत येताय."

शुक्रवारी इफरा सतरंजीवर होती आणि खुर्ची ऑफिसात. एवढे मान्यवर जिच्यात बसले ती वस्तू वर्गात ठेवली, तर ओरखडे पडतात. सरांना क्षणभर लाज वाटली. पण खुर्ची इतकी आरामाची होती, की लाज फार वेळ टिकली नाही.

फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरला. तुमच्याकडेही आला होता. त्यात सगळे बसलेत आणि जिच्यासाठी खुर्ची, ती एकटी उभी आहे, एवढं तुमच्या नजरेतून सुटलं. तुम्ही टाळ्यांचे हात पाठवलेत. सरांनी ते सावकाश पाहिले, त्याच खुर्चीत बसून. म्हणजे पाटी सरांना, नाव भाऊंना, शाल पाहुण्यांना, आणि कुणाचं तरी भलं झाल्याचं समाधान तुम्हाआम्हाला. फुकट काहीच नव्हतं. सगळ्यांचं इफराने चुकतं केलं, उभं राहून.