नसलेल्या बसची वाट पाहणारे घरतकाका

घरतकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गव्हाण फाट्यावर बसची वाट पाहत उभे होते. आता त्या फाट्यावर बस येतच नव्हती, ही गोष्ट वेगळी. एका हातात छत्री, दुसऱ्यात जीपीएसचं यंत्र, खांद्याला मुद्दाम भरून आणलेली भाजीची पिशवी. रिक्षावाले विचारायचे, "काका, बस कवा?" काका शांतपणे सांगायचे, "दोन वर्षांनी."

पनवेलच्या आमच्या ऑफिसात नव्या बसमार्गांचे नकाशे बनत. आम्ही पंख्याखाली, संगणकासमोर बसून थांबे ठरवायचो. काका मात्र प्रत्येक थांब्यावर प्रवाशासारखं ओझं घेऊन स्वतः उभे राहून बघायचे. "उपग्रहाला ऊन लागत नाय," हे त्यांचं पालुपद. रिटायर व्हायला आलेला माणूस, चालायचंच, म्हणून आम्ही हसायचो.

गव्हाणचा थांबा नकाशात पार पुलापलीकडे गेला होता. तिथवर कोणी येणार नाही, असं काकांचं म्हणणं. साहेबांनी पुरावा मागितला. तेव्हा काकांनी काय करावं? फाट्यावर हिराबाय नावाची म्हातारी कोळीण रिक्षाची वाट पाहत बसायची. तिच्याशी काकांच्या रोज गप्पा चालत. त्यांनी यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सरळ तिच्या मासळीच्या पाटीत ठेवलं. मग ते गावातल्या बायकांच्या पाट्यांमधून पाळीपाळीने फिरलं.

साहेबांनी नाकाला रुमाल लावूनच ते हातात घेतलं. पण पडद्यावर बायकांच्या वाटा उमटल्या त्या सगळ्या फाट्यावर येऊन मिळत होत्या. पुलाकडे एकही गेली नव्हती. थांबा फाट्यावर आला.

पहिली बस आली त्या सकाळी मीही गेलो होतो. काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. हिराबायची पाटी त्यांनीच बसमध्ये चढवली. ती खिडकीतून म्हणाली, "बस तं आनलीस रं. आता मी बसनार नि जानार. तू कोनाशी बोलशील?"

बस सुटली. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरी दुसरं कोणी नव्हतं. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, पण मला ते लागलं त्या क्षणी. मी म्हटलं, चला, ऑफिसला सोडतो.

"तू जा. मी जरा उभा हाय."

मी गाडी स्टँडवर लावली आणि विचारलं, "काका, काकींचं माहेर कुठलं?"

त्या दिवशी आम्ही दोघंही ऑफिसात बरेच उशिरा पोचलो.