विकायची झाली तर सांगा

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं तेव्हा कॅशिअर मनातल्या मनात आपल्या चुका मोजू लागला. दार लावून साहेब एक तर रागवायचे नाहीतर बढतीचं बोलायचे, आणि बढतीचं ते आजवर कुणाशीच बोलले नव्हते.

"अहो कॅशिअर," साहेब म्हणाले, "मन घट्ट केलं शेवटी. मोटरबोट विकायची ठरवली. पण दुसऱ्या कुणाला नाही हं. तुम्हालाच."

कॅशिअरला आधी काही कळेना. मग आठवलं. मागे एकदा जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी मोबाइलवर आपल्या होडीचे फोटो दाखवले होते. होडी डावीकडून, होडी उजवीकडून, होडीत साहेब, साहेबांशिवाय होडी. सुट्टी संपत आली तरी होडी संपेना, तेव्हा विषय आटोपावा म्हणून तो म्हणाला होता, "फारच छान, साहेब. कधी विकायची झाली तर आधी आम्हाला सांगा." आता हे काय खरं बोलणं झालं? कुणाचा सोफा पाहिला, कुणाचा पंखा पाहिला, की माणूस असं म्हणतोच. 'या की एकदा घरी' म्हणतो त्यातलाच प्रकार. त्यावर कुणी बॅग घेऊन दारात उभं राहत नाही. साहेब राहिले होते.

"अरे वा," कॅशिअर म्हणाला. म्हणायचं होतं 'नको', निघालं 'अरे वा'. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आणि ही बहीण कॅशिअरच्या घरी कायमची माहेरपणाला आलेली होती.

घरी बायकोने ऐकलं आणि हातातलं लाटणं ओट्यावर ठेवलं.

"होडी? आंघोळीचं पाणी नाकात गेलं तरी बोंबलता तुम्ही! आणि पैसे कुठले?"

"छताच्या दुरुस्तीचे ठेवलेत ना..."

"म्हणजे घरात पाणी येतंय ते थांबवायचे पैसे तुम्ही पाण्यात घालणार. उद्या जाऊन स्पष्ट नको म्हणून सांगा."

"साहेबांना नको कसं म्हणू?"

"मग दुसऱ्या कुणाकडून म्हणवा!"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "चहात साखर आहे की साखरेत चहा?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काट्याने काटा काढावा, हे दोघांना एकदमच सुचलं.

सासरे दोन गल्ल्या सोडून राहायचे, पण दिवसाचा मुक्काम लेकीकडे. जन्मभर त्यांनी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. पट्ट्यावरून बाटल्या सरकत जायच्या आणि हे वाकडी, चिरलेली, बुडबुडा असलेली बाटली उचलून बाजूला ठेवायचे. निवृत्त झाल्यावर बाटल्या थांबल्या, पण हात थांबला नाही. मग त्यांनी जावई घेतला. जावयाचा भांग वाकडा, जावयाची सही किरटी, जावई स्कूटर लावतो ती भिंतीला फार चिकटून. लग्नात हाराची गाठ चुकली होती, ती अजून सुटली नव्हती. असा माणूस नावेला नावं ठेवायला न्यायचा नाही तर कुठे न्यायचा?

"बाबा, तुम्ही तपासून द्या," कॅशिअर म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात तर नको."

"मी 'हो' म्हणालोय कधी?" सासऱ्यांनी विचारलं. कॅशिअरला त्या रात्री छान झोप लागली. सासऱ्यांनी मात्र ओळखीच्या बोट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात दोन दिवस ठिय्या दिला आणि काय काय बघायचं ते सगळं काढून घेतलं.

रविवारी सकाळी तलावाच्या धक्क्यावर साहेब नवी टोपी घालून उभे होते. ट्रेलरवर पांढरी-निळी होडी होती. साहेबांच्या बाई थर्मास घेऊन कट्ट्यावर बसल्या होत्या.

सासऱ्यांनी नमस्कारसुद्धा अर्धाच केला. सरळ मागे जाऊन इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला.

"गरम आहे. आम्ही यायच्या आधी चालवून ठेवलंत?"

साहेब ओशाळले. "सकाळी थंड असताना जरा रुसते ती."

कॅशिअरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पहिल्याच चेंडूला विकेट! आता साहेब चिडणार, सौदा मोडणार. पण साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग असं करू, लाइफ जॅकेटं वेगळी धरायला नकोत. होडीबरोबर घेऊन जा."

सासरे पुढे सरकले. वाकून बोटाच्या पेराने होडीच्या तळाला ठोकत गेले. टक, टक, टक, थप. पुन्हा ठोकलं. थप.

"इथे आत पाणी प्यायलीय. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आवाज येतोय."

"असेल, असेल," साहेब म्हणाले. "मग ट्रेलरही असू दे तुम्हालाच."

पाणी कापणाऱ्या पंख्यामागे गिअरचं खोकं होतं, त्यातलं तेल काढून पाहिलं तर ते दुधाळ निघालं. आत पाणी शिरत होतं. साहेबांनी त्यावर पेट्रोलचा डबा आणि मासे पकडायचे दोन गळ दिले. होडीच्या तळफळीवर सासऱ्यांनी पाय दाबला तर फळी गादीसारखी खाली गेली. साहेबांनी किंमतच उतरवली. कॅशिअर कपाळाचा घाम पुसत होता. सासरे एकेक दोष काढत होते आणि होडी स्वस्त होत होती. अशीच तासभर तपासणी चालली असती तर नाही म्हणायला जगात कारणच उरलं नसतं.

"बाबा, बास आता," त्याने सासऱ्यांच्या कानात सांगितलं. "नको म्हणा ना एकदा."

"गप्प बसा हो! अर्धीसुद्धा झाली नाही." सासऱ्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. त्यांनी होडीच्या मागच्या भागात खाली असलेलं बूच फिरवून काढलं. भोकातून पाण्याची धार लागली. ती थांबेपर्यंत सासरे कट्ट्यावर जाऊन बाईंच्या हातचा चहा प्याले आणि बाईंशी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलले. मग परत येऊन म्हणाले, "पाण्यात घातल्याशिवाय होडी कळायची नाही."

साहेबांनी आणि कॅशिअरने ट्रेलर उतारावरून खाली नेला, होडी पाण्यात सोडली. तिघे चढले. इंजिन तीन वेळा खोकलं, चौथ्यांदा धूर सोडून चालू झालं. काठ मागे पडला. साहेब छाती काढून उभे राहिले आणि वारा खाऊ लागले. कॅशिअरचे बूट थंड लागायला लागले. त्याने खाली पाहिलं.

"साहेब, होडीत पाणी असतं का?"

"थोडं असतं."

"घोट्यापर्यंत?"

साहेबांनी पाहिलं आणि त्यांचा रंग उडाला. "हे कुठून येतंय? अहो, कुठून येतंय हे?"

सासरे शांतपणे बसले होते. त्यांनी खिशातून एक वस्तू काढून उजेडात धरली. "हे बघा, बूचसुद्धा झिजलेलं. आटे गेलेत पार."

"ते तुमच्या खिशात काय करतंय?" साहेब किंचाळले.

"तपासायला काढलं होतं. लावायचं तुमचं काम. होडी तुमची."

इंजिन एकदा गचकलं आणि बंद पडलं. साहेब दोरी ओढत सुटले. कॅशिअर पाण्यात गुडघे टेकून चाचपडत मागे गेला, बूच हिसकावून भोकात घातलं. झिजलेलं बूच घातलं की बाहेर. शेवटी त्याने त्यावर बुटाची टाच दाबून धरली आणि पाय हलवायचा नाही असं ठरवून बसला. ही बया बुडाली तर सुटलो, हे त्याला कळत होतं. पण आपणही तिच्यातच बसलोय, हेही कळत होतं. इकडे आड, तिकडे विहीर ही म्हण त्याला इतकी ओली कधी वाटली नव्हती.

"माझी होडी!" साहेब डब्याने पाणी उपसत रडवेले झाले. "जीव होता माझा हिच्यावर! तुम्ही मागितलीत म्हणून द्यायला निघालो, नाहीतर कोण विकतंय?"

"मी मागितली?"

"'विकायची झाली तर आधी आम्हाला सांगा' कोण म्हणालं? मी बायकोला सांगितलं, बिचाऱ्याने किती जीव लावलाय, नाही कसं म्हणू? ती तर टपलेलीच होती. तेव्हापासून रोज विचारते, विकली का, विकली का!"

"साहेब, ते मी आपलं सहज..."

साहेबांचा डबा हवेतच थांबला. "म्हणजे तुम्हाला नकोय होडी?"

"तसं नाही, साहेब..."

"अहो, नको असेल तर नको म्हणा की एकदा!"

पडत्या फळाची आज्ञा. "तुम्ही म्हणताय तर... नको," कॅशिअर पुटपुटला.

साहेबांनी त्याला मिठीच मारली. टाच हलली आणि भसकन पाणी आलं, तेव्हा मिठी सुटली. मग एकच वल्हं आळीपाळीने मारत, मध्येच हसत, मध्येच एकमेकांना 'आधी बोलला असतात तर' म्हणत दोघांनी होडी काठाला लावली. कॅशिअरला वाटलं, छत वाचलं. सासरे म्हणाले, "वल्हं मारताय की डाळ घोटताय?"

काठावर साहेबांच्या बाई उभ्या होत्या. चेहरा प्रसन्न.

"ऐकलं का," साहेब धापा टाकत म्हणाले, "सौदा रद्द. यांना नकोय."

"त्यांना नसेल. या काकांनी घेतली ना! मघाशीच विसार दिलाय मला." बाईंनी पर्सवर थाप मारली. "गेली एकदाची."

कॅशिअर पाणी गळणाऱ्या पँटनिशी सासऱ्यांकडे वळला. त्याचा संताप संताप झाला. "बाबा! तुम्ही घेतली? सकाळपासून खोडी काढताय हिच्या!"

"म्हणूनच घेतली," सासरे म्हणाले. मग जरा आवाज उतरवून बोलले, "जावईबापू, खरं सांगू? तुमच्यातलं काढून काढून संपलं हो. वर्षभर तेच तेच बोलतोय. माझा मलाच कंटाळा आलाय. सकाळी उठून बघायला काहीतरी हवं ना माणसाला! ही बघा, अजून इंजिन उघडलंसुद्धा नाही. माझे पैसे आहेत, तुमच्या छताला हात लावत नाही. फक्त तुमच्या परसात ठेवतो. सकाळी येईन, अंधार पडला की जाईन. घरात यायलासुद्धा फुरसत व्हायची नाही मला."

कॅशिअरने बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. चहातली साखर, भांग, सही, स्कूटर, हाराची गाठ, एकेक गोष्ट डोळ्यांपुढून गेली. आणि सासऱ्यांचा हात होडीच्या ओल्या कडेवरून फिरत होता, तोही त्याला दिसला.

साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "कॅशिअर, तुमचं ऐकतील ते. विसार परत घ्यायला सांगा. माझी होडी मला परत मिळवून द्या. माझ्यासाठी एवढं कराल ना?"

"नाही, साहेब," कॅशिअर म्हणाला, आणि होडी ट्रेलरवर चढवायला सासऱ्यांच्या हाताखाली जाऊन उभा राहिला.