काटे घराण्याची हद्द

या मुलांनो, मांडी घालून बसा. फार फार जुन्या एका जंगलात साळिंदरांचं एक जहागीरदार घराणं राहत होतं. आडनाव काटे. त्यांच्या मूळ पुरुषाच्या काट्याने सिंहमहाराजांनी एकदा दात कोरले आणि खूश होऊन त्याला अख्खं टेकाड बक्षीस दिलं.

पुढे पिढ्या वाढल्या, वाटण्या झाल्या. जिवाजीराव काट्यांच्या वाट्याला आलेली जहागीर त्यांच्या अंगाएवढीच होती. सरळ उभे राहिले तर ते तिच्यात मावत. जरा वळले की त्यांचे काटे धाकट्या भावाच्या, सुभानरावांच्या हद्दीत जात. मग जुंपायची. म्हणून जिवाजीराव कायम पूर्वेकडे तोंड करून उभे असत. पाठ कितीही खाजो, मान ताठ. जहागीरदारच ते!

एके सकाळी भुकेला बिबट्या आला. रयत, म्हणजे दोन ससे, केव्हाच पसार झाली.

"अहो, पळा!" बिळातून पत्नी सगुणाबाई ओरडल्या.

जिवाजीरावांना पळावंसं तर फार वाटत होतं. पण पळालो तर सुभान्या जहागीर बळकावेल! त्यांनी मिशी सावरली.

"आपण उभे आहात ती जमीन आमच्या धाकट्या बंधूंची," ते बिबट्याला म्हणाले. "तिथून आमच्यावर झडप घालायची, तर आधी त्यांची ना-हरकत आणा."

बिबट्याही खानदानी. तो मुकाट्याने सुभानरावांकडे गेला.

"खुशाल खा त्याला!" सुभानराव म्हणाले. "फक्त तो उभा आहे ती जागा माझी, एवढं आधी चारचौघांत जाहीर करा."

"साफ खोटं!" जिवाजीराव किंचाळले. "आजोबांनी ती आम्हाला दिली!"

"भांगेच्या तारेत दिली!"

दोघांनी बिबट्याला पंच म्हणून मधे बसवलं. एका कानात जिवाजीराव, दुसऱ्या कानात सुभानराव. दुपार झाली, ऊन कललं. गाडी पणजोबांच्या दुसऱ्या बायकोपर्यंत आली, तेव्हा बिबट्याने हात जोडले.

"माझी भूकच मेली," तो म्हणाला आणि धडपडत निघून गेला.

भावांना पत्ताच नव्हता. शेवटी सगुणाबाई बाहेर आल्या.

"अहो, बिबट्या गेला!"

दोघे एकदम थांबले. "कुणाच्या हद्दीतून गेला?"

तात्पर्य: भावाभावांनी कधीही समेट करू नये. गुण्यागोविंदाने नांदणारं घर बिबट्याला दुपारच्या आत खाऊन संपवता येतं.