विश्वंभरकाकांचा पीटर

आमच्या शेजारच्या विश्वंभरकाकांना साधी जवसाची चटणी कशी करायची विचारा, ते सांगणार नाहीत. उलट तुमचीच उलटतपासणी घेतील.

एकदा सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कंपाउंडच्या भिंतीवरून सहज विचारलं, "काका, तुम्ही ती जवसाची चटणी कशी करता हो?" झालं! काका भिंतीपाशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि सुरू झाले. "तुमच्याकडं काय काय हाय? खलबत्ता हाय का मिक्सर? मिक्सर असंल तर भांडं लहान का मोठं? तवा लोखंडी का? तिखट घरचं का इकतचं? लाइट सकाळी जाती का दुपारी?" सुनंदा उत्तरं देऊन देऊन दमली. शेवटी "राहू द्या काका, मी विकतच आणते" म्हणून आत आली.

संध्याकाळी काकांनी एक कागद आणून दिला. त्यावर फक्त आमच्या घरची चटणी होती. आमचा तवा, आमच्या मिक्सरचं लहान भांडं, आमची लाइट जायची वेळ. पलीकडच्या केंद्रेबाईंना दिलेला कागद वेगळाच. त्यात खलबत्ता होता आणि लाइटचा विषय नव्हता. चटणी मात्र दोन्ही घरी अगदी एकसारखी झाली. मी दोन्हीकडं खाल्ली आहे.

"धरून चालायचं न्हाई, सर. इचारायचं," हे काकांचं ब्रीद.

मला सर म्हणतात, कारण मी गंगाखेडातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, बारा वर्षं त्याच त्या नोट्स वाचून दाखवतो. आता तर मुलं माझ्या आधी पुढचं वाक्य म्हणतात. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. या गोष्टीत माझी अब्रू जाणारच आहे, तर थोडी आपल्या हातानं घालवावी.

काका साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होते. रिटायर झाले, पुढच्याच वर्षी काकू गेल्या. एकुलता एक मुलगा पुण्यात, तोही कॉम्प्युटरच्याच कंपनीत. काकांना प्रोग्राम लिहिण्याची पर्ल नावाची भाषा येते. हैदराबादला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक जाडजूड ठोकळा त्यांनी उचलला आणि त्यावरून शिकले. हल्ली ती भाषा फारसं कोणी शिकत नाही. मी तर शिकवतच नाही, कारण मला येत नाही.

या पर्लमध्ये काकांनी एक मॉड्यूल लिहिलं आहे. मॉड्यूल म्हणजे तयार कामाची पुरचुंडी. कोणीही घ्यावी आणि आपल्या मशीनवर बसवावी. पूर्वी मराठी टाइप करायला जे जुने फॉन्ट होते, त्यातल्या फायली आज उघडल्या की नुसते किडेमुंग्या दिसतात. काकांचं मॉड्यूल त्या किडेमुंग्यांची पुन्हा मराठी करून देतं. कोणाची आत्मकथा, कोणाच्या कविता, शाळेचे अहवाल, काय वाट्टेल ते. काम झकास आहे, यात वादच नाही.

पण काकांचा जीव त्या कामात नाही. त्यांचा जीव आहे ते मॉड्यूल बसवण्यात. जगातल्या कुठल्याही मशीनवर ते बिनबोभाट बसलं पाहिजे. त्यासाठी मेकफाइल नावाची एक फाइल लागते. ते कुठं ठेवायचं, कसं जोडायचं, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. आता प्रत्येक मशीन निराळं, म्हणून ही फाइल तयार पाठवायची नसते. मशीनला आधी प्रश्न विचारून त्याच्यापुरती फाइल तिथल्या तिथं लिहून देणारी अशी दुसरीच एक फाइल पाठवायची. चटणीच्या कागदासारखंच. मला हे तिसऱ्या वेळेला कळलं. सुनंदाला पहिल्या वेळेला कळलं, पण ते जाऊ द्या.

"चार वळी टाइप करायच्या फक्त," काका बोटांवर मोजत सांगायचे. "पैली इचारती, दुसरी बांधती, तिसरी तपासती, चौथी बसवती. खल्लास!"

हे मॉड्यूल त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलं. जगातल्या काही हौशी लोकांनी आपली मशीनं अशी लावून ठेवली आहेत की नवं काही आलं की ती आपोआप बसवून बघतात आणि पास-नापास कळवतात. काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन आमच्या ओट्यावर येत आणि निकाल वाचून दाखवत. "आज चौदा पास. दोन जर्मनीची, एक जपानचं." मी पेपरातून मान न काढता म्हणायचो, "वा वा!"

एक दिवस ते कप हातात तसाच धरून बसले. म्हणाले, "सर, सा वर्षं झाली. सगळ्या दुनियेची मशीनं पास म्हनायलीत. पर एका माणसाचं पत्र न्हाई. चालतंय म्हनून न्हाई, चालंना म्हनून बी न्हाई. कोणी माणूस वापरायलाय का न्हाई, हेच समजंना."

"तुमच्या चिरंजिवांनी बघितलं असेल की," मी म्हणालो.

"त्याच्या कंपनीत भायेरचं काई टाकू देत न्हाईत म्हनं," काका म्हणाले आणि थंड झालेला चहा पिऊन उठले.

पुढचं मी दयेपोटी केलं, असं मी सुनंदाला सांगितलं. खरं कारण सांगतो. माझ्याकडं परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा पडला होता आणि काकांचा रोजचा तासभर मला नको झाला होता. त्यांना काहीतरी उद्योग लागावा म्हणून मी पीटर जन्माला घातला.

नवा ईमेल पत्ता काढला आणि इंग्रजीत लिहिलं, 'मी पीटर, नॉर्वेहून. तुमचं मॉड्यूल माझ्याकडं बसत नाही. दुसऱ्या ओळीवर अडकतं. कृपया मदत करा.' नॉर्वेच का, तर तिथून कोणी गंगाखेडला टपकायची भीती नव्हती. नॉर्वेच्या माणसाला मराठी फॉन्ट कशाला लागतो, हा प्रश्न माझ्यासारख्या हुशार माणसाला काही सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी काका कप न घेताच आले. "सर! पत्र आलं! माणसाचं! नॉर्वेचा हाय!"

"काय म्हणतो?" मी निरागसपणे विचारलं.

"अडकलाय बिचारा. आता मला त्याला बराबर इचारावं लागंल. माझं इंग्रजी कच्चं हाय, तेवढं बगून द्या."

असा मी माझ्याच फासात अडकलो. काका पीटरला पत्र लिहून माझ्याकडं आणत. मी त्यातलं इंग्रजी दुरुस्त करी. ते पाठवत. मग मी घरात येऊन ते पत्र पीटर म्हणून वाची आणि उत्तर लिही. आणि काकांचे प्रश्न तरी किती! मशीन कोणतं? पर्ल कितवं? फोल्डरच्या नावात मोकळी जागा हाय का? मशीन सोताचं का ऑफिसचं? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. पुस्तकं काढून वाचू लागलो. त्या तीन आठवड्यांत मी जेवढं कॉम्प्युटर शिकलो, तेवढं बारा वर्षांत शिकलो नव्हतो. कॉलेजात एका मुलानं विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना? आज नोट्स नाही काढल्या."

पेपरांचा गठ्ठा होता तिथंच होता.

इकडं काकांनी सगळ्या दुनियेवर पाणी सोडलं. मेकफाइल लिहिणारी ती फाइल त्यांनी चार वेळा मोडून पुन्हा लिहिली. स्वतःच्या मशीनवर दोष सापडेना, म्हणून पीटरसारखं मशीन शोधत फिरू लागले. सोनपेठला त्यांच्या भाच्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं एक जुनाट मशीन होतं. भर उन्हात एसटीनं गेले. राणीसावरगावच्या एका शाळेत दुसरं मशीन असल्याची खबर लागली, तर दुसऱ्या दिवशी तिकडं. पेनड्राइव्ह सुपारीच्या डबीत, डबी बंडीच्या आतल्या खिशात.

तिसऱ्या दिवशी काका ओट्यावर आलेच नाहीत. सुनंदा बघून आली ती तणतणतच. "ऊन लागलंय त्यांना. अंगात ताप आहे अन् उशाला ती डबी. तुमच्या त्या मेल्या पीटरपायी! काही लाज?"

मला लाज होती, पण कबूल करायची हिंमत नव्हती. म्हणून मी भेकडाचा रस्ता धरला. त्याच दिवशी पीटरनं कळवलं, 'तुमची नवी फाइल चालली. सगळं बसलं. फार आभारी आहे.' मनात म्हटलं, सुटलो!

चार दिवसांनी काका हिंडूफिरू लागले. भिंतीपाशी येऊन म्हणाले, "सर, रविवारी दुपारी जेवायला या."

"येतो की."

"पीटरला बी घेऊन या."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. काका मात्र भिंतीवरची वाळलेली पानं झाडत होते. सुनंदा म्हणाली, "एकटेच जा. आणि जाताना जीभ घेऊन जा."

रविवारी गेलो. काकांनी वरण, बट्टी आणि वांग्याची भाजी केली होती. दोनच ताटं मांडली होती. मी पाटावर बसलो, पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "काका, तो पीटर..."

"जेवा आधी," काका म्हणाले. माझ्या बट्टीवर तूप ओतता ओतताच बोलू लागले. "पैल्याच आठवड्यात त्यानं एक दिस उशिरा उत्तर दिलं. लिवलं होतं, सकाळधरनं लाइट न्हवती, माफ करा. त्या दिवशी आपल्याकडं बी सकाळधरनं लाइट न्हवती. मी म्हनलं, नॉर्वेची अन् गंगाखेडची लाइन एकच हाय का काय?"

मला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. "मग काका, सगळं माहीत असून तुम्ही उन्हातान्हात सोनपेठला कशाला गेलात?"

"पीटर खोटा असंल. पर तसलं मशीन कुठंतरी असणारच की. आन् मग," काकांनी तुपाची वाटी खाली ठेवली, "तुमी रोज लिवायलता, सर. आज काय इचारावं, उद्या त्याचं काय उत्तर येईल, ह्यात दिस जायलता. ही गेल्यापास्नं मला कोणी रोज काई इचारलं न्हवतं. म्हनलं, चालू द्यावं."

मी खाली मान घालून भाजी चिवडत राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "आता एक खरं सांगा. तुमच्या सोताच्या मशीनवर कधी टाकलं का?"

सहा वर्षं वा वा म्हणत आलो होतो. भिंतीपलीकडं राहत होतो. एकदाही टाकलं नव्हतं. पीटरची तक्रारसुद्धा न टाकताच केली होती.

"नाही काका," मी म्हणालो. इतकी शरम मला जन्मात कधी वाटली नव्हती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मग घेऊन या की," एवढंच म्हणाले.

हात धुऊन मी लॅपटॉप घेऊन आलो. काका शेजारी बसले आणि मी एकेक ओळ टाकू लागलो. पहिलीनं विचारलं. दुसरीनं बांधलं. तिसरी तपासायला लागली आणि थांबली. पडद्यावर चुकांची रांग लागली.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," मी घाईघाईनं म्हणालो. बहुतेक वेळा ते खरंच असतं.

काकांनी चष्मा पुसून परत लावला. चुकांची रांग वाचली, पुन्हा वाचली. मग एका जागी बोट ठेवलं. "हे नाव कोणी टाकलं?"

लॅपटॉप घेतला त्या आठवड्यात कॉलेजात मातृभाषेवर माझं भाषण होतं. त्या भरात मशीनला माझं नाव मराठीतच दिलं होतं. त्यामुळं माझ्या फोल्डरचं नावही मराठीत होतं आणि काकांच्या फायलीला ते मराठी नाव वाचता येत नव्हतं.

काकांनी ते नाव मोठ्यानं वाचलं. मग हसायला लागले. हसता हसता उपरण्यानं डोळे पुसायला लागले. "मी जपानचा इचार केला, सर. जर्मनीचा केला. हे सगळं लिवलं मराठीसाठी. आन् आपलाच माणूस आपलं नाव मराठीत लिवत असंल, हे काई माझ्या टाळक्यात आलं न्हाई."

"म्हणजे माझं चुकलेलं नाही?"

"न्हाई, न्हाई. तुमच्याकडं खरंच चालंना," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं, "खरंच एका माणसाकडं चालंना."

मी लॅपटॉप मिटायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सर, तुमाला लय घाई न्हाई ना? जरा सावकाश दुरुस्त केलं, तर चालंल का? रोज थोडं थोडं?"

"चालंल, काका," मी म्हणालो. "मी रोज येईन."