रंगनाथअण्णांचं गार घर

होळीची राख निवते न निवते तोच आमचे शेजारी रंगनाथअण्णा भिंतींचा ताप बघायला लागायचे. पोराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात भिंतीला लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "कणकण हाय." बरं, स्वतःच्या भिंती बघाव्यात ना! पण नाही. आमच्याकडे चहाला आले की आधी आमच्या भिंतीला हात. "सूनबाई, तुमच्या घराला लई ताप हाय." जशी काही मी माझ्या घराची आबाळच करते!

देवळाली प्रवरेला आमची पत्र्याच्या घरांची एकच ओळ. अण्णा साखर कारखान्यातून रिटायर झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. चैत्र लागला की ते पत्र्यावर चढणार. फडातून गाडीभर उसाचं पाचट आणून पत्र्यावर अंथरणार, वाऱ्याने उडू नये म्हणून वर जुने टायर ठेवणार. मावळतीच्या भिंतीवर घोसाळ्याचा वेल, तोही मोरीच्या पाण्यावर पोसलेला. खिडक्यांना गोणपाटं, आणि ती भिजवायला अण्णा दिवसभर तांब्या घेऊन घरातल्या घरात फिरणार. "घराला ताप चढू द्यायचा न्हाई," हे वर पालुपद.

आता एवढं केल्यावर घर गार होणारच की! पण म्हणून अख्ख्या ओळीने दुपारी काखेत उशी मारून तिकडे निजायला जायचं? सगळ्यांच्या पुढे आमच्या सासूबाई. माझ्या हातच्या चहाला उभ्या जन्मात बरं म्हणाल्या नाहीत. पण अण्णांकडून उठून आल्या की म्हणायच्या, "रंगनाथकडं निजलं की सपनंबी थंडगार पडत्यात गं!" नवऱ्याची रात्रपाळी असली की तोही तिकडेच घोरायचा.

मी जळायचे. चांगली धुमसायचे. हट्टाने कूलर आणला, तर ऐन दुपारी लाईट जायची आणि कूलर नव्या सुनेसारखा कोपऱ्यात गप्प उभा राहायचा. तरी मी अण्णांच्या घरात पाऊल टाकलं नाही. घामाने निथळत बसेन, पण त्यांच्या गारव्याचे उपकार नकोत, हा माझा बाणा.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला एका उन्हाळ्यात मी पदर खोचला. नवऱ्याच्या मागे लागून पाचट आणवलं, टायर आणवले, गोणपाटं शिवली. अण्णा न बोलावता शिडी चढून आले. "दडपू नगा, मधी वारं खेळू द्या," म्हणत त्यांनीच निम्मं पाचट पसरलं. शत्रूच्या हातून किल्ला बांधून घेतल्याचा मला कोण आनंद!

दुसऱ्या दिवशी सासूबाई उशी घेऊन निघाल्या, दारात थबकल्या, मागे वळल्या आणि आमच्याच घरात आडव्या झाल्या. मग शेजारची हौसाबाई आली. तिच्या मागून तिची जाऊ आली. मी सगळ्यांना वाळा घातलेलं पन्हं दिलं. अण्णा तर नुसतं पाणी पाजायचे! आठवडाभरात त्यांच्याकडे कुणी जाईनासं झालं. मला रात्री जेवण गोड लागायला लागलं.

एका दुपारी अण्णा दारात आले. आत सगळे गाढ झोपलेले. ते उंबऱ्यावरच टेकले.

"काय अण्णा, ताप किती आमच्या घराला?" मी ठसक्यात विचारलं.

"गार हाय," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "सूनबाई, खरं सांगू? लई जळलो तुमच्यावर ह्या आठ दिसांत."

"माझ्यावर? अहो, तुमचं घर काय कमी गार आहे?"

"मला गार घर घिऊन काय करायचं? उभा जन्म बॉयलरम्होरं गेला माझा. ऊन मला लागतच न्हाई." त्यांनी आत निजलेल्यांकडे पाहिलं. "मालकीन गेली तवा घर खायला उठायचं. म्हनलं, गार केलं तर दुपारचं कुनी येईल. मान्सं घोराय लागली की घर भरल्यागत वाटायचं. मी निजायचोच न्हाई. ऐकत बसायचो."

मी पन्हं दिलं. "झ्याक हाय," म्हणाले, पेला विसळून ठेवला आणि गेले. इतकी वर्षं ज्यांच्या तोंडून कौतुक ऐकायचं होतं त्यांच्या तोंडून ते ऐकलं, आणि काडीचं समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आडव्या व्हायच्या आतच मी म्हणाले, "चला, अण्णांकडे."

"अगं, हितं गारच हाय की!"

"उकडतंय," मी म्हणाले. हौसाबाईला आणि तिच्या जावेलाही दारातूनच वळवलं. "आमच्यात लई उकडतंय बाई, तिकडंच चल." स्वतः राबून गार केलेल्या घराला असं नाव ठेवताना माझा जीव किती जळाला ते माझं मला ठाऊक.

अण्णांनी दार सताड उघडलं. आत चटया अंथरलेल्याच होत्या. सासूबाईंची खिडकीखाली, हौसाबाईची आणि तिच्या जावेची रांजणाजवळ. तिघी आपापल्या जागी जाऊन लवंडल्यासुद्धा. वेलाच्या बाजूला, सगळ्यांत गार कोपऱ्यात, एक चटई मोकळी होती. अगदी कोरी, कुणाचं अंग न लागलेली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तुमची की," अण्णा म्हणाले. "दर साली टाकतो. तुमी आलाच न्हाई कधी."