आरोग्यार्थ चालणे

विमान उतरलं, दारं उघडली, लोक डोक्यावरच्या कप्प्यांतून बॅगा ओढू लागले आणि एका फरशी कंपनीच्या रंग-मंजुरी अधिकारी बाईंचा उजवा पाय बुटात जाईना. डावाही जाईना. चौदा तासांपूर्वी हेच पाय याच बुटांतून विमानात चढले होते, त्यामुळे बूट दुसऱ्याचे असण्याची शक्यता नव्हती. बाईंनी बूट हातात घेतले, मोज्यांवर विमानतळ ओलांडला आणि मोज्यांवरच कारखाना गाठला. तिथे भट्टीतून निघालेली निळी फरशी त्यांच्यापुढे धरण्यात आली. त्यांनी ती चार मिनिटं पाहिली, "हाच निळा" असं सांगितलं, सही केली आणि परतीच्या विमानात बसल्या.

हे त्यांचं काम होतं. न्हाणीघराच्या फरशीचा निळा केसभर जरी हिरव्याकडे झुकला, तरी तो ओळखणारी नजर अख्ख्या कंपनीत त्यांच्याकडेच होती. ऑफिसात त्यांना सगळे रंगताई म्हणत. महिन्यातून दोनदा त्या चौदा तास जात, चार मिनिटं बघत आणि चौदा तास परत येत.

घराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी रंगताईंची नडगी अंगठ्याने दाबली. पडलेला खळगा बराच वेळ तसाच राहिला. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलात तर एखाद दिवशी पोटरीत रक्ताची गुठळी होईल आणि ती फुप्फुसात गेली तर मग माझ्याकडे यायची गरजच उरणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग चिठ्ठीवर लिहून दिलं: प्रवास कमी करा. अगदीच जमत नसेल तर पाणी प्या, मधूनमधून उठून चाला, पोटऱ्यांना घट्ट बसणारे मोजे घाला.

रंगताईंनी चिठ्ठी ऑफिसात दिली. तिच्यावर दोन बैठका झाल्या. 'प्रवास कमी करा' हा मजकूर वैद्यकीय नसून प्रशासकीय आहे, सबब तो लिहिण्याचा डॉक्टरांना अधिकार नाही, असं पहिल्या बैठकीत ठरलं. उरलेला मजकूर मात्र कंपनीला फार आवडला. दुसऱ्या बैठकीत 'उड्डाणकालीन आरोग्य कक्ष' स्थापन झाला आणि त्याच्या प्रमुखपदी आग-प्रतिबंधाच्या बादल्या सांभाळणारे गृहस्थ नेमले गेले. नऊ वर्षांत एकदाही आग न लागल्यामुळे त्यांची कारकीर्द निष्कलंक होती.

आरोग्यप्रमुखांनी एकतीस नियमांची पुस्तिका काढली. तासाला एक पेला पाणी प्यावे. दर चाळीस मिनिटांनी उठून चालावे. सलग सहा तास झोप घ्यावी. प्रस्थानाच्या तीन दिवस आधीपासून पोहोचण्याच्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे जगावे.

दर चाळीस मिनिटांनी चालायचं तर सलग सहा तास झोपायचं कसं, असं रंगताईंनी लेखी विचारलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: "दोन्ही नियम बंधनकारक आहेत. झोपेत खंड न पडेल अशा बेताने चालावे." तासाला पाणी प्यायल्यामुळे दर तासाला शौचालयापर्यंत जाणं होतंच, तेच चालणं धरता येईल का, अशीही त्यांनी पृच्छा केली होती. त्यावर शेरा आला, की ते चालणे वैयक्तिक कारणास्तव असून आरोग्यार्थ नाही.

शिवाय आरोग्यार्थ चालण्याला पुरावा हवा होता. प्रत्येक फेरीनंतर एका साक्षीदाराची सही नोंदवहीत घ्यायची होती. पुढच्या प्रवासात रंगताईंच्या शेजारी एक निवृत्त ग्रंथपाल होते. पहिली सही त्यांनी हसत दिली, दुसरी जांभई देत दिली. पाचव्या सहीला त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही चालला नाहीत, तरी मी सही केली तर चालेल का?" सगळ्या सह्या आत्ताच एकदम करून देतो, म्हणजे दोघांनाही झोपता येईल, असंही ते म्हणाले. रंगताई प्रामाणिक होत्या. त्यांनी ग्रंथपालांना एकवीस वेळा उठवलं. उतरल्यावर ग्रंथपालांनी कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं.

तेव्हा कंपनीने रंगताईंबरोबर स्वतःचा साक्षीदार पाठवायला सुरुवात केली. हा लेखा विभागातला सडपातळ माणूस चौदा तास त्यांच्या फेऱ्या मोजत बसला आणि बसून बसून त्याचेही पाय सुजले. साहजिकच त्यालाही एकतीस नियम लागू झाले आणि त्याच्या चालण्याला साक्षीदार लागला. दोघांनी एकमेकांच्या सह्या कराव्यात ही सूचना कंपनीच्या तपासनिसांनी फेटाळली. परस्परांच्या चालण्यास परस्परांनी दुजोरा देणे संशयास्पद आहे, असं त्यांचं मत पडलं. म्हणून तिसरा माणूस आला. तिसऱ्यासाठी चौथा आला. हे कुठवर चालणार अशी काळजी वाटू लागली, तेव्हा सातव्या जागी खुद्द आरोग्यप्रमुख बसले. त्यांचं पदच असं होतं, की ते चालले की नाही हे कोणी विचारायचं नव्हतं.

पोटऱ्यांवर घट्ट मोजे चढवलेली सात माणसं दर चाळीस मिनिटांनी एकामागोमाग उठून विमानात चालू लागली, तेव्हा इतर प्रवाशांना ती रांग वाटली. रांग आहे म्हणजे पुढे काहीतरी मिळत असणार, या हिशेबाने आधी चार जण उठले, मग चाळीस. मागच्याने पुढच्याला विचारावं, "काय वाटतायत?" आणि पुढच्याने सांगावं, की संपायच्या आत पोचलं पाहिजे. अर्ध्या तासात रांगेचं तोंड दोन्ही बाजूंच्या वाटांमधून फिरून रांगेच्या शेपटाला येऊन भिडलं. आता कोणीच पुढे नव्हतं, तरी कोणी जागा सोडेना. जेवणाची ढकलगाडी घेऊन निघालेली हवाई सेविका रांगेत अडकली आणि गाडीसकट दोन प्रदक्षिणा घालून आली. वैमानिकाने सर्वांना बसण्याची विनंती केली. आरोग्यप्रमुखांनी त्याला चालण्याचा नियम क्रमांक नऊ दाखवण्यासाठी पुस्तिका पुढे पाठवली.

घरची परिस्थिती वेगळीच होती. महिन्यात दोन प्रवास आणि प्रत्येकाच्या आधी परक्या घड्याळाचे तीन दिवस, त्यामुळे रंगताईंचं घड्याळ कधी जागेवर येईचना. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो संध्याकाळी दमून घरी आला, की त्या त्याला शुभ सकाळ म्हणून चहा द्यायच्या आणि लगेच पुस्तिकेतला व्यायाम म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा वरखाली करायच्या. महिनाभर त्याने तो चहा घेतला. एकदा मात्र कप खाली ठेवत म्हणाला, "अगं, आपण राहतो एका घरात, पण एका वारी राहत नाही. तुझा बुधवार चालू असतो आणि मी अजून मंगळवारीच असतो. तुझ्याशी भांडायचं म्हटलं तरी कुठल्या दिवशी भांडू?" रंगताई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. टाचा मात्र वरखाली होतच राहिल्या, कारण संच पुरा व्हायचा होता.

नवव्या खेपेला कारखान्याच्या मुकादमाने त्यांना भट्टीमागे बाजूला घेतलं. सहा जण लांबून बघत होते, म्हणून तो हळू आवाजात बोलला. "ताई, एक विचारू? पहिल्या खेपेला तुम्ही 'हाच निळा' म्हणालात. त्या दिवसापासून मी रंगाला हात लावलेला नाही. फरशी तळहाताएवढी आहे. पाकिटात घालून पाठवली तर नाही चालणार?"

रंगताईंनी फरशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. परतीच्या प्रवासात त्या एकदाही उठल्या नाहीत. त्यांनी तेवढ्या वेळात प्रस्ताव लिहून काढला.

प्रस्ताव मंजूर होईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण तो एकमताने मंजूर झाला. यापुढे रंगताईंनी प्रवास करायचा नाही, फरशीच त्यांच्याकडे येईल. फक्त फरशी कंपनीच्या कामासाठी प्रवास करणार असल्याने तिला एकतीस नियम लागू झाले. फरशीला वाटेकडची खुर्ची मिळाली आणि तिच्या कमरेला पट्टा बांधला गेला. दर चाळीस मिनिटांनी सहा माणसं तिला आळीपाळीने छातीशी धरून विमानात फिरवू लागली. फरशी पाणी पीत नसे. तिच्या वाट्याचा पेला आरोग्यप्रमुख घेत.

रंगताई आपल्या टेबलाशी बसून तिच्याकडे चार मिनिटं बघत, "हाच निळा" म्हणत आणि वेळेवर घरी जात. दोन महिन्यांत पायांची सूज उतरली. नवऱ्याशी त्यांचं एका गुरुवारी, दोघांच्याही गुरुवारी, कडाक्याचं भांडण झालं. त्या रात्री दोघं समाधानाने झोपली.

कक्षाने वार्षिक अहवालात लिहिलं, की एकतीस नियमांमुळे संबंधित अधिकाऱ्यांची सूज शंभर टक्के कमी झाली. अहवाल फिरत फिरत कुठल्याशा जागतिक परिषदेत पोचला. वर्षातली सर्वांत निरोगी प्रवासी म्हणून रंगताईंचा सत्कार ठरला. सभागृह घरापासून सोळा तासांवर होतं. मी जाणार नाही, असं त्यांनी नवऱ्याला ठामपणे सांगितलं. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी तिकीट आलं. अगदी पुढच्या वर्गाचं, जिथे खुर्चीचा पलंग होतो आणि उशी विचारून देतात. रंगताईंनी ते दोनदा वाचलं, नवऱ्याच्या नकळत तिसऱ्यांदा वाचलं आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली.

तुम्हाला हसू आलं असेल. पण ते तिकीट तुमच्या नावावर निघालं असतं तर तुम्ही ही गोष्ट इथवर वाचली नसती. तुम्ही आता बॅगेवर बसून चेन ओढत असता आणि घरच्यांना सांगत असता, की तब्येतीसाठी चाललोय.