बाटलीभर पेट्रोल आणि रशीदभाई

माणसाची लायकी त्याच्या गाडीच्या प्लगवरून कळते, असं रशीदभाईंचं ठाम मत आहे. माझ्या गाडीचा प्लग काळाकुट्ट निघाला. दुसऱ्या कुठल्याही मेकॅनिकने तो पुसून परत बसवला असता. रशीदभाईंनी तो चिमटीत धरला आणि घाटंजीच्या ऐन बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीपर्यंत मिरवत नेला.

"पाहा, हे मास्तर! लेकराइले शिकवते, अन् सोताच्या गाडीचा प्लग पाहा. चुलीतलं लाकूड बरं!"

बावीस वर्षं मी शिक्षक आहे. एवढा अपमान माझा कुठल्या साहेबानेही केला नव्हता.

बरं, माझी मागणी तरी काय होती? गाडी लिटरला अडतीस किलोमीटर द्यायची, ती पंचावन्न द्यावी. शाळा वीस किलोमीटरवर, एसटीची वेळ काही केल्या जमत नाही, रोजचं जाणं-येणं गाडीवरच. मी तर यवतमाळहून नवाकोरा कार्बोरेटर आणूनही दिला होता. रशीदभाईंनी डबा उघडून आत पाहिलं आणि लगेच बंद केला.

"हे खेळणं हाय. तुमचं इंजिन म्हातारं झालं, त्याले जुनंच पचते."

मग बाकाखालून एक पत्र्याची पेटी निघाली. आत फडक्यांत गुंडाळलेले दहा-पंधरा जुने कार्बोरेटर. भाई एकेक कानाशी हलवून बघत, जेटच्या बारीक भोकात फुंकर मारत, उन्हाकडे धरून एक डोळा मिटत. "याचा पिस्टन घासला. हा लय पेट्रोल पेते. हा... हा बरा हाय." पाऊण तास गेला. मुलीसाठी स्थळ बघतानाही आमच्याकडे एवढी चौकशी होत नाही.

इथवर ठीक होतं. खरा छळ पुढे सुरू झाला.

भाईंची चाचणी अशी: दर रविवारी सकाळी टाकी पार रिकामी करायची. सलाईनच्या जुन्या बाटलीत मोजून शंभर मिली पेट्रोल घालायचं, ती हँडलला टांगायची, नळी कार्बोरेटरला जोडायची आणि इंजिन बंद पडेपर्यंत यवतमाळ रस्त्याने जायचं. मी पुढे, भाई मागच्या सीटवर. मागून अखंड ओरडा. "रेस काहून दाबून राह्यले? मांगं वाघ लागला का?" चार किलोमीटरवर गाडी आचके देऊन थांबायची. मग दोघांनी ती उन्हात ढकलत परत आणायची!

"अहो भाई, टाकीत थोडं पेट्रोल ठेवलं तर काय बिघडतं?"

"टाकीत थेंब असला का माणूस बेइमानी करते."

"मग एखादी बाटली तरी सोबत घ्या."

"वजन वाढते, मास्तर. अॅव्हरेज चुकते."

दुकानात आलं की कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा. फक्त पाव! दुसरी दुरुस्ती पुढच्या रविवारी. दोन एकदम केल्या तर गुण कोणाचा आला ते समजत नाही म्हणे.

एक गोष्ट मात्र खरी. दुकानात शिव्यांशिवाय न बोलणारा हा माणूस गाडी ढकलताना वेगळाच व्हायचा. गावातल्या दहा गाड्यांतून भाईंच्या स्कूटरचा आवाज त्यांची बायको खैरून ओळखायची आणि ते दारात येईपर्यंत चहा उकळलेला असायचा, असं काहीबाही सांगायचे. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. मुली लग्न होऊन नेरला आणि फुलसावंगीला. मी घाम पुसत 'हं, हं' करायचो. खोटं कशाला बोलू, मला त्यात काडीचा रस नव्हता. मला घरी जाऊन जेवायचं होतं.

सहाव्या रविवारी माझा संयम संपला. "पुढच्या खेपेला पंचावन्न नाही दिलं तर गाडी विकतो. नवीन घेतो. तिच्यात कार्बोरेटरच नसतो, कटकट नाही!"

भाईंचा हात थांबला. "तुम्हीबी, मास्तर?"

भांडतील असं वाटलं होतं, पण ते पाना पुसत बसले. त्यांच्याकडे हल्ली पंक्चर काढायला आणि ऑइल बदलायलाच लोक येतात. कार्बोरेटरसाठी येणारा बहुधा मीच उरलो होतो.

सातव्या रविवारी गाडी चार किलोमीटरला थांबली नाही. पाचलाही नाही. साडेपाच ओलांडून थोडी पुढे गेली आणि मग शांत झाली. मी अक्षरशः उडी मारली. भाईंनी प्लग काढला. छान बदामी रंग, म्हणजे पेट्रोल नीट जळत होतं. "झालं," ते म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. सत्कार आटोपून सभागृह रिकामं झाल्यावर सत्कारमूर्तीचा दिसतो तसा त्यांचा चेहरा होता.

प्लग परत घट्ट करायला पाना हवा म्हणून मी त्यांची पिशवी उघडली. तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक बाटली होती. पेट्रोलने गच्च भरलेली. फडकं जुनं आणि पेट्रोलने पिवळं पडलेलं. म्हणजे ती आज पहिल्यांदा आलेली नव्हती.

सात रविवार! सात रविवार या माणसाने मला बैलासारखं जुंपलं! संतापाने माझं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला. भाई उठून कॅरिअरला हात लावून ओणवे उभे होते.

"चला, मास्तर. खैरूनची एक गोष्ट तुमाले सांगाचीच राह्यली. आता तुमी काही येनार नाय."

मला स्वतःची लाज वाटली. मी पिशवीचं तोंड बांधलं, हँडल धरलं आणि ढकलायला लागलो. थोडं पुढे गेल्यावर म्हणालो, "भाई, चढावर गाडी जरा कमी ओढते असं नाही वाटलं?"

ढकलणं थांबलं. "वाटलं ना? मलेबी वाटलं!" त्यांचा आवाज एकदम चढला. "पन हे गाडीचं नाय, तुमच्या हाताचं हाय! किती वेळा सांगतलं, रेस दाबू नका! पुढच्या रविवारी लवकर या. अन् खैरून काय म्हने, आयका..."

मी ऐकत ढकलत राहिलो.